उखळातला खडा

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे
यांस,

मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावात राहते. जवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते आणि पावसाळ्यात घरच्या खाचरात भात लावते. हे पत्र पाकिटात घालून आपल्या टेबलावर पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण यातला अर्धा मजकूर आपल्यासाठी आहे आणि उरलेला त्या बायांसाठी, ज्या आत्ता हे वाचताना एक हात कमरेच्या खाली, जांघेपाशी दाबून धरून बसल्या असतील.

जुलै २०२१ मधली गोष्ट. तरवा काढत होतो. मी उकिडवी बसून रोपांच्या मुठी बांधत होते. उठायला गेले आणि उजव्या जांघेत आत काहीतरी अडकलं. पाय पुढे येईना, मागे जाईना. चिखलात दोन्ही हात टेकून तशीच वाकून उभी राहिले. अर्ध्या मिनिटाने आत 'कट्' झालं आणि पाय सुटला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "कमरेत चमक भरली."

मी हे खोटं बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते. पुढची दोन वर्षं त्या एका शब्दाने खाल्ली.

आपल्या बोलीत कंबर फार मोठी आहे. बरगडीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत जे काही दुखतं ते सगळं कंबर. 'खुबा' हा शब्द आपल्याला आठवतो तो म्हातारं माणूस न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यावर. आणि जांघ? जांघ हा शब्द बाई डॉक्टरांसमोर उच्चारत नाही. मीही उच्चारला नाही. पदवीधर, विज्ञानाची शिक्षिका, वर्गात पन्नास मुलांसमोर मानवी सांगाड्याचा तक्ता टांगणारी. तरी खुर्चीवर बसून, मागे चार पेशंट उभे असताना, मी म्हणाले 'कंबर'. केसपेपरवर लिहिलं गेलं 'कंबरदुखी'. त्यानंतर मी जिथे जिथे गेले तिथे माझ्या आधी तो केसपेपर पोचला.

मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला, आणि त्यांच्यापुढे रांग होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, कमरेचा पट्टा झाला. कुणी म्हणालं शीर दबलीय. मग कमरेचा एमआरआय काढला. त्यात मणक्यातली एक चकती किंचित फुगलेली निघाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं, मलासुद्धा. कारण सापडलं! चाळिशीच्या आसपास आणि पुढे कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये अशी चकती दिसते आणि त्यांचं काहीही दुखत नसतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. फोटोत दिसलेली गोष्ट आणि दुखणारी गोष्ट एकच असेल असं आपण धरून चालतो.

या दुखण्याची आणखी एक खोड आहे, ती घरात जास्त त्रास देते. ते रोज नसतं. सोमवारी मी जिना चढायचे, मंगळवारी उंबरा ओलांडताना पाय लटकायचा. गाडीतून उतरताना, पायात चप्पल अडकवताना, मांडी घालून जेवायला बसताना आत खुट्ट व्हायचं, आणि मग दहा दिवस काहीच नाही. लावणीच्या दिवशी अडकलं आणि हळदीकुंकवाच्या दिवशी अडकलं नाही, की घरातली माणसं काही बोलत नाहीत, फक्त बघतात. आमच्या आत्याबाई मायाळू आहेत. त्यासुद्धा एकदा म्हणाल्या, "कामाच्याच वेळी कसं गं दुखतं तुझं?" मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं. आत सुटा तुकडा फिरत असेल तर तो ज्या क्षणी दोन हाडांच्या मध्ये येतो त्याच क्षणी दुखतं. तो बाजूला सरकला की माणूस धडधाकट. आणि उकिडवं बसण्यात, वाकण्यात, मांडी घालण्यात खुबा जेवढा वळतो तेवढा दुसऱ्या कशात वळत नाही. म्हणून कामाच्याच वेळी दुखतं.

निदान झालं ते सप्टेंबर २०२३ मध्ये, तेही योगायोगाने. फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी होती, आमच्या शाळेतून दहावी झालेल्यांच्या वयाची. तिने फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, शब्दात सांगू नका. हाताने दाखवा कुठे दुखतं." मी उभी राहिले आणि नकळत उजवा हात खुब्याला लावला. अंगठा मागे, बाकीची बोटं पुढे जांघेकडे, जशी आपण घागर कडेवर सावरतो तशी. ती थबकली. म्हणाली, "कंबर दुखणारं माणूस हात मागे मणक्यावर ठेवतं. तुम्ही खुबा धरलाय." मग पडदा ओढून मला उताणं झोपवलं. आधी पाय सरळ ठेवूनच हाताखाली लाटण्यासारखा आत-बाहेर फिरवला. मग गुडघा काटकोनात वर घेतला, तो डाव्या बाजूला झुकवला आणि पाऊल हलकेच बाहेर वळवलं. मी ओरडले. डाव्या पायाला तेच केलं, काहीही झालं नाही. उजवा खुबा डाव्याच्या निम्मासुद्धा आत वळत नव्हता.

साहेब, किंवा मॅडम, या सगळ्याला तीन मिनिटं लागली असतील. यंत्र लागलं नाही, सुई लागली नाही. एक पलंग, एक पडदा आणि दोन हात. दोन वर्षांत हे एकदाही झालं नव्हतं. हे पत्र त्या तीन मिनिटांसाठी आहे.

आता आत काय होतं ते सांगते, कारण ते मी दर वर्षी शिकवते. सहावीच्या मुलांना सांध्यांचे प्रकार शिकवताना सांगते, बिजागरीचा सांधा म्हणजे कोपर-गुडघा आणि उखळीचा सांधा म्हणजे खांदा-खुबा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते कटीच्या हाडातल्या खोलगट उखळात बसतं. गोळ्यावर आणि उखळाच्या आत कूर्चेचा गुळगुळीत थर. उखळाच्या काठावर रबरी वाटावी अशी कडा. भोवती पिशवी, आणि तिला आतून एक पातळ पडदा, जो वंगणासारखा द्रव पाझरवतो. ही रचना इतकी घट्ट आहे की आत जागाच नसते. गुडघ्यात एखादा तुकडा सुटला तर त्याला लपायला कोनाडे आहेत, बऱ्याचदा तो हाताला लागतोसुद्धा. खुब्यात तो मांसाच्या जाड थराखाली, बोट पोचणार नाही अशा ठिकाणी असतो.

हे तुकडे येतात कुठून? कधी अपघातात खुबा निखळतो किंवा उखळाची कड फुटते आणि चकला उडतो. कधी सांधा झिजून कडेची वाढलेली हाडं तुटतात. लहानपणी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडून गेलेला असेल, तर मोठेपणी त्या जागेचा तुकडा सैल होतो. आणि कधी, माझ्यासारखं, आतला तो पडदाच बहकतो आणि वंगण पाझरवायचं सोडून कूर्चेच्या बारीक गाठी तयार करू लागतो. गाठी पडद्यावरून सुटतात आणि द्रवात तरंगतात. हाडाला रक्त लागतं, कूर्चेला तो द्रवच पुरतो. त्यामुळे सुटलेला कण आतल्या आत वाढत राहतो. डॉक्टर त्याला सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस म्हणतात. हा कर्करोग नाही. तो क्वचितच आढळणारा आजार आहे, सहसा तिशी ते पन्नाशीत दिसतो, गुडघ्यात सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल खुब्यात. अशा सुट्या तुकड्यांना युरोपातले डॉक्टर फार पूर्वीपासून 'सांध्यातले उंदीर' म्हणत आले आहेत. कणगीतला उंदीर ज्यांनी शोधलाय त्यांना हे नाव पटेल. आवाज इथे येतो, झाकण उघडावं तर तो तिथे नसतो.

माझे तुकडे सापडण्यातही हीच अडचण होती. खुब्याचा एक्स-रे काढला आणि तो जवळजवळ स्वच्छ आला. गोळ्याच्या खाली एक पुसट ठिपका, बस्स. त्या दिवशी मी परत एकदा खोटी ठरणार होते. पण तो एक्स-रे पाहणाऱ्या अस्थितज्ज्ञांनी समजावून सांगितलं, आणि हे वाक्य मला प्रत्येक केसपेपरच्या मागे छापलेलं हवंय: एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. कण जोवर नुसत्या कूर्चेचे असतात, त्यांच्यात चुना भरलेला नसतो, तोवर एक्स-रे त्यांच्या आरपार जातो. म्हणून खुबा अडकत असेल, आत वळत नसेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर तपासणी तिथे संपत नाही. पुढे एमआरआय लागतो, कधी सांध्यात रंगद्रव्य सोडून काढलेला. तुकडे हाडाचे असतील तर सीटी स्कॅनमध्ये त्यांची संख्या आणि जागा नीट कळते. दुखणं सांध्याचंच की कमरेचं असा घोळ उरलाच, तर सोनोग्राफीत बघत सांध्यात भुलीचं औषध सोडतात. थोड्या वेळात दुखणं थांबलं, तर मूळ सांध्यातच आहे.

माझ्या एमआरआयमध्ये खुब्यात पाणी साठलेलं होतं आणि त्या पाण्यात कण. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. मला भीती वाटली, हे खरं. पण त्याआधी जे वाटलं ते सांगायला संकोच नको. मला रडू आलं ते सुटकेचं. मी सोंग करत नव्हते.

उपचाराबद्दल गावात फार गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोळीने तुकडा विरघळत नाही. मालिशने जागेवर बसत नाही, उलट दाबल्याने अधिक खुपतो. कुणी 'खुबा उतरलाय' म्हणून पाय ओढून द्यायला येतं, त्याला हात लावू देऊ नये. तुकडे त्रास देत असतील तर ते काढावे लागतात. आणि उशीर केला तर जात्यात खडा गेल्यावर जे होतं तेच होतं. खडा राहतो आणि पाळी टवके टाकते. कूर्चा एकदा खरवडली की ती पूर्ववत भरून येत नाही. मग चाळिशीतल्या माणसासमोर सांधा बदलण्याचा प्रश्न उभा राहतो, जो साठीत उभा राहिला असता किंवा राहिलाच नसता.

सांध्यातून तुकडा काढण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या आंब्रवाज पारे या शल्यवैद्याने १५५८ मध्ये गुडघ्यातून असा कठीण तुकडा काढल्याची नोंद आहे. खुबा मात्र अवघड राहिला. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि खुब्यात गोळा आणि उखळ यांच्या मधोमध सुई नेणं अशक्य आहे असं लिहून ठेवलं. आज तेच होतं, कारण मध्ये ओढ देण्याची युक्ती आली. रुग्णाला भूल देऊन खास टेबलावर झोपवतात, पाऊल बुटात बांधतात आणि पाय सावकाश ओढतात. गोळा उखळापासून जेमतेम सेंटीमीटरभर सुटतो. एक्स-रेच्या पडद्यावर बघत आधी सुई, मग नळी, मग दुर्बीण. एकेक सेंटीमीटरची दोन-तीन छिद्रं. एकातून पाहायचं, दुसऱ्यातून चिमटा घालायचा. मधला भाग झाला की ओढ सैल करून, खुबा थोडा वाकवून, गोळ्याच्या मानेभोवतीची पिशवी तपासायची, कारण कण तिथेही दडतात. बिघडलेला पडदाही शक्य तेवढा खरवडून काढतात. नाहीतर तो पुन्हा कण करतो, आणि सगळं नीट करूनही काही जणांत ते परत येतातच. म्हणून पुढची काही वर्षं तपासणी चुकवायची नसते. ओढ फार वेळ ठेवता येत नाही, ठेवली तर जांघेतल्या नसा बधिर होतात. माझ्याही मांडीची बाहेरची बाजू काही आठवडे मुंग्या आल्यासारखी होती, मग गेली.

कण फार असतील, मोठे असतील किंवा मागच्या बाजूला असतील तर उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी गोळ्याचा रक्तपुरवठा सांभाळून खुबा पूर्ण निखळवायची आणि पुन्हा बसवायची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर त्या निखळवण्याचीच धास्ती होती, कारण रक्त तुटलं की गोळा मरतो.

माझी शस्त्रक्रिया जानेवारी २०२४ मध्ये दुर्बिणीने झाली. शुद्धीवर आल्यावर नर्सताईंनी लघवी तपासायला देतात तसली पारदर्शक डबी दाखवली. काही कण प्रयोगशाळेत गेले होते, उरलेले सलाईनच्या पाण्यात होते. मी ते नंतर मोजले, बावीस. बहुतेक भिजवलेल्या साबुदाण्याएवढे, तसेच पांढुरके आणि बुळबुळीत, पण दाबले तर न चिरडणारे. एक मात्र तुरीच्या दाण्याएवढा, एका बाजूने चपटा, कारण दोन वर्षं तो दोन हाडांच्या मध्ये घासला गेला होता. तो चपटा भाग नखाखाली काचेसारखा लागतो. डबी माझ्या कपाटात आहे. ती उचलली की अजून जांघेत हात जातो. पहिले काही आठवडे कुबड्या, मग व्यायाम, मग शाळा. यंदा लावणीला उतरले, पण उकिडवी बसले नाही. मुठी बांधायला लाकडी पाटावर बसते.

आता माझं मागणं.

माझा आजार क्वचितचा आहे, त्यासाठी जिल्हाभर मोहीम काढा असं मी म्हणत नाही. पण खुबा तपासण्याची सवय लागली तर माझ्यासारख्या एकीमागे इतर कितीतरी माणसं वेळेत सापडतील. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो सुकत चाललेले तरुण आहेत. दारू आणि स्टेरॉइडची औषधं ही त्याची मोठी कारणं, आणि सुरुवातीला तेही एक्स-रेत दिसत नाही. खुब्याचा क्षय आहे. आपल्या देशात हाडांच्या क्षयात मणक्यानंतर खुब्याचा क्रम लागतो. क्षयाच्या आणि संधिवाताच्या सांध्यांत कधी कधी पांढरे कण सापडतात, त्यांना वैद्यकशास्त्राने तांदळाच्या दाण्याचंच नाव दिलंय. आमच्या आंबेमोहोराच्या मुलखात एवढं सांगितलं तर कुणीही विसरणार नाही.

आणि मुलं. माझ्या वर्गातला एक मुलगा, जरा अंगाने भरलेला, महिनाभर लंगडत होता. म्हणायचा गुडघा दुखतो. गुडघ्याला तेल लागत होतं, गुडघ्याचाच एक्स-रे निघाला होता, आणि तो अर्थातच चांगला होता. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या नसा एकच आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. मी स्वतः यातून गेले नसते तर मीही त्याला क्रीम लाव म्हणाले असते. त्याचं पाऊल चालताना बाहेर वळत होतं. आईला सांगितलं, खुब्याचा फोटो काढा, आजच काढा. वयात येणाऱ्या काही मुलांत खुब्याचा गोळा वाढीच्या जागेवरून घसरतो, आणि तो घसरत असताना दिवस मोजावे लागतात. त्याचं निदान वेळेत झालं. पण शाळेतल्या बाईंचा खुबा आधी बिघडलेला असावा लागला, ही काही व्यवस्था नव्हे.

म्हणून विनंती अशी की, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात, जांघ, मांडी, ढुंगण किंवा गुडघा तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल किंवा माणूस लंगडत असेल, तर त्याला झोपवून दोन्ही खुबे आत-बाहेर वळवून बघावेत. काय दिसलं ते केसपेपरवर एका ओळीत लिहावं: उजवा एवढा वळतो, डावा एवढा. ती ओळ महत्त्वाची आहे. कारण आमचं आरोग्य केंद्र आपल्या जिल्हा परिषदेचं, पौडचं ग्रामीण रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचं, आणि ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. तीन खाती आहेत, आणि त्यांच्यामध्ये चालत जाणारी गोष्ट एकच, रुग्णाच्या हातातला कागद. त्यावर 'कंबरदुखी' लिहिलं असेल तर तो माणूस ससूनलाही कंबरदुखी म्हणूनच पोचतो. 'उजवा खुबा आत वळत नाही, मधूनच अडकतो' असं लिहिलं असेल, तर पहिल्या दिवशी योग्य भागाचा एक्स-रे निघतो. कमरेचा नाही, कटीचा, दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा.

पुण्यासारखं शहर तासाभरावर आहे. ससून १८६७ पासून उभं आहे. डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या कामामुळे हाडांच्या उपचारासाठी देशभरातून माणसं पुण्यात येतात. घोटावडे फाट्यावरून पिरंगुट, चांदणी चौक असा रस्ता आता रुंद झालाय. मला उशीर झाला तो या रस्त्यावर नाही. मी पहिल्या खुर्चीवर बसून 'कंबर' म्हणाले आणि पुढचा प्रश्न आला नाही, तिथे झाला.

तो पुढचा प्रश्न आशाताई विचारू शकतात. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका आहे. बाळंतपणं, लसी, क्षयाच्या गोळ्या, सगळं त्यांच्यावर लादून झालंय हे मला माहीत आहे, आणि मोबदला कसा वेळेवर मिळत नाही तेही मी त्यांच्याच तोंडून ऐकते. तरी त्यांच्या मासिक बैठकीत एकदा अर्धा तास द्या. बाईला 'जांघेत दुखतं का' असं बाईनेच विचारायला हवं. मांडी घालता येते का, पायातला काटा काढायला पाऊल वर घेता येतं का, चालता चालता पाय मध्येच अडकतो का, अंथरुणात कूस बदलताना जाग येते का. आणि जोडीने ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं. एवढ्या प्रश्नांना हो-नाही मिळालं की पुढे कुठे पाठवायचं ते कळतं.

तपासणीच्या खोलीतल्या पडद्याबद्दल वेगळं लिहिते, कारण ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. लुगडं किंवा सलवार घातलेल्या बाईचा खुबा तपासायचा तर तिला पलंगावर झोपवून गुडघा वर घ्यावा लागतो. खोलीला पडदा नसेल, दार उघडं असेल, जवळ दुसरी बाई नसेल तर डॉक्टर संकोचतात आणि बाई तर आधीच संकोचलेली असते. मग दोघंही कमरेवर समाधान मानतात. प्रत्येक केंद्रात एक पडद्याचा पलंग आणि तपासणीच्या वेळी एक ताई हजर, एवढं झालं तर मला वाटतं निम्मं काम झालं. त्याला शासन निर्णय लागत नाही.

आणि पैसे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. आता ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र बसतो तो शहरातल्या रुग्णालयाच्या दारात. गावातलं माणूस त्या दारापर्यंत पोचायचं की नाही हे घरीच ठरवतं, आणि 'ऑपरेशन म्हणजे जमीन विकावी लागेल' या भीतीने बरेचदा नाही असंच ठरवतं. हाडा-सांध्यांच्या कोणत्या शस्त्रक्रिया योजनेत बसतात, दुर्बिणीच्या कोणत्या, आणि त्या पुणे जिल्ह्यात कुठे होतात, याची मराठीतली यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आमच्या पंचायतीच्या भिंतीवर जागा आहे. मी स्वतः पाहून आलेय.

आशाताईंची पुढची बैठक जिथे असेल तिथे मला बोलवा. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी मी मोकळी असते. खुबा कसा वळतो हे दाखवायला शाळेचा सांगाडा आणीन, मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय. आणि ती डबीही आणीन. एकेकीच्या हातात देईन. तो चपटा दाणा बोटाने चाचपून बघितला की त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आपली,
भरे गावातली एक शिक्षिका
ता. मुळशी, जि. पुणे